खोली मिळाली आणि कथा थांबली: वडगावातल्या एका लेखिकेचं प्रकरण

लिहिणाऱ्याला शांतता हवी, वेगळी खोली हवी, दाराला आतून कडी हवी, हे आपण डोळे झाकून मान्य करतो. त्यामुळे हे सगळं मिळूनही लेखन बंद पडलं की दोष लिहिणाऱ्याच्या माथी येतो. वय झालं, आटलं, आळस आला, असं लोक म्हणतात आणि लिहिणाराही तेच म्हणू लागतो. इथं मांडलेल्या प्रकरणातल्या बाईही तसंच म्हणत होत्या. त्यांचं नाव, गल्ली आणि कथांची शीर्षकं मी गाळली आहेत. पुढं त्यांना काकू म्हणतो, कारण आमच्या कथावाचनाच्या बैठकीत सगळे त्यांना काकूच म्हणतात.

तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी होती: "सर, माग होते तेव्हा कथा होती. आता खोली आहे, कथा नाही की हो."

घर, माग आणि कांडी मशीन

बेळगावच्या दक्षिण अंगाला शहापूर, वडगाव, खासबाग हे विणकरांचे भाग एकमेकांना लागून आहेत. शहापूर संस्थानी काळात सांगलीकरांचं होतं आणि शहापुरी साडीचं नाव तेव्हापासून आहे. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि ते कारखान्यात जाण्याऐवजी बहुतेक घरांच्या पुढच्या सोप्यातच बसले. एकाच बोळात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं, आणि सगळ्यावर मागांची खडखड.

काकूंच्या सासरी पुढच्या सोप्यात चार माग होते. मधल्या खोलीत आठ चात्यांचं कांडी मशीन (मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे कांड्यांवर, सूत भरणारं यंत्र), मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं परडं. सूत शेठ द्यायचा, साडीमागं मजुरी मिळायची. माग काका आणि एक कामगार बघत. कांड्या भरणं काकूंकडे.

कांडी भरण्याचं काम जवळून बघितल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. खाली सुताचा कोन, वर चातीवर रिकामी कांडी. सुताचं टोक कांडीला दोन वेढे देऊन अडकवायचं आणि दांडी दाबायची, की ती गरगरत भरू लागते. भरली की सूत तोडायचं, कांडी टोपलीत टाकायची, दुसरी चढवायची. आठ चात्या मागंपुढं भरत असल्यानं हाताला सतत काहीतरी काम असतं. सूत तुटलं तर बोटं आपोआप थांबतात, गाठ मारतात, पुन्हा चालू. डोळे हवेत, हात हवेत. डोकं मात्र जवळजवळ पूर्ण मोकळं राहतं.

या मशीनशेजारी बसून काकूंनी वीसेक वर्षांत तीसभर कथा लिहिल्या. शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत, वाचन वाचनालयातल्या पुस्तकांचं. कागद म्हणजे सुताच्या बिलांची पाठ आणि मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं. दोन कांड्यांच्या मधल्या वेळात एक-दोन वाक्यं डोक्यात जुळवायची आणि हात सुटला की टिपायची. रात्री जेवणं उरकल्यावर ते तुकडे सलग उतरवायचे. काही कथा दिवाळी अंकांत आल्या. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा गावांच्या मराठी साहित्य संमेलनांत त्यांनी कथा वाचल्या आहेत. आमच्या सीमाभागात हिवाळ्यातल्या रविवारी कुठं ना कुठं ग्रंथदिंडी निघालेली असते, आणि गावच्या बाईनं गावच्या बोलीत वाचलेली कथा तिथं ऐकली जाते, शहरी पाहुण्याच्या भाषणापेक्षा जास्त मन लावून.

एक गोष्ट काकू हसत सांगतात. एका कथेच्या शेवटात त्या इतक्या गुंतल्या होत्या की निळ्याच्या जागी जांभळ्या सुताच्या कांड्या भरून गेल्या आणि एका साडीच्या अंगावर हातभर पट्टा उठला. शेठनं मजुरी कापली. काका काही बोलले नाहीत. पुढं ती कथा छापून आली तेव्हा एवढंच म्हणाले, "ही जांभळी न्हवं?"

बदल

सुरतेच्या स्वस्त साडीनं बाजार आधीच खाल्ला होता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लग्नसराई बुडाली, शेठनं सूत द्यायचं थांबवलं, आणि त्यानंतर चारही माग वजनावर भंगारात गेले. कांडी मशीन शेजारच्यांनी नेलं, त्यांचे माग अजून चालतात. मुलगा उद्यमबागेत मशीन शॉपला लागला. सोप्यात फरशी बसली, सोफा आला, टीव्ही आला.

मुलानं आणखी एक केलं. आई लिहिते याचा त्याला अभिमान आहे. पहिल्या पगारवाढीच्या पैशांतून त्यानं माडीवरची अडगळीची खोली साफ करवली, रंग दिला, टेबल-खुर्ची, दिवा आणि पुस्तकांना फळी केली. दाराला कडी लावली. "आई, आता निवांत लिही."

त्यानंतर दोन वर्षांत एकही कथा पूर्ण झाली नाही. सुरुवाती मात्र भरपूर. काकूंनी त्या सगळ्या एका फाइलमध्ये ठेवल्या होत्या आणि ती फाइल घेऊनच त्या आल्या.

फाइल वाचताना

जुन्या कथा आणि नव्या सुरुवाती शेजारी ठेवल्या की एक फरक लगेच डोळ्यांत भरतो, तो म्हणजे संवादाचा. जुन्या कथांत माणसं बोलतातच बोलतात. एका कथेत सासू जिन्याखालून विचारते, "काय करूलालीस गे वर, मघापासनं?" आणि सून जे उत्तर देते त्यात अख्खं घर उभं राहतं. नव्या सुरुवातींत पाऊस आहे, खिडकी आहे, येळ्ळूरच्या बाजूला दिसणारा राजहंसगड आहे, मनातली हुरहूर आहे. भाषा स्वच्छ, पुस्तकी. बोलत कोणीच नाही.

वर्णन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण ते काकूंचं नव्हतं. ते "लेखिका" नावाच्या कुणाचं तरी होतं.

मी विचारलं, जुने संवाद कसे सुचायचे? त्यांनी जे सांगितलं त्यात सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. संवाद सुचायचे नाहीत, त्या ते बोलायच्या. मोठ्यानं. चार माग चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाला ओरडून सांगितलं तरी ऐकू जात नाही. तेव्हा काकू कांड्या भरता भरता सासूचं वाक्य सासूच्या आवाजात म्हणायच्या, सुनेचं सुनेच्या. जिभेवर बसेपर्यंत चार-पाच वेळा फिरवायच्या. भांडण असेल तर भांडायच्या, रडायचं असेल तर रडायच्या. समोर काका मागावर वाकलेले, त्यांना पत्ता नाही. ओठ हलताना दिसले तरी बाई अभंग म्हणत असेल असं वाटायचं.

आता घर शांत आहे. माडीवर एक वाक्य मोठ्यानं म्हटलं तर खालून आवाज येतो, "आत्ती, काय म्हणालात?" दुसऱ्यांदा म्हटलं तर सून वर येऊन बघून जाते. तिसऱ्यांदा म्हणायची काकूंची हिंमत झाली नाही. बाई एकटीच बोलते, ही बातमी वडगावात पसरायला वेळ लागत नाही.

आठवड्याची वही

तरी केवळ संवादाच्या अडचणीनं दोन वर्षं जातील असं वाटेना. म्हणून त्यांना एक काम दिलं. आठवडाभर, माडीवर बसल्यावर जेव्हा जेव्हा टेबलावरून उठाल तेव्हा का उठलात ते एका ओळीत लिहायचं. वही परत आली ती अशी: गॅसवाला आला. ह्यांचा चहा. नातीचं दप्तर सापडेना. सूनबाईनं विचारलं, डाळ किती घालू. ह्यांना चष्मा मिळेना. शेजारीण विरजण मागायला आली.

असं काही येणार हे अपेक्षितच होतं. प्रत्येक लिहित्या बाईची वही अशीच निघेल. पण मधूनमधून, आणि आठवड्याच्या शेवटाकडे जास्तच, एक वेगळी नोंद होती: "कुणी बोलावलं नाही. तरी उठले."

त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मागांच्या दिवसांत काकूंना बोलवायचं असेल तर उठून त्यांच्यापर्यंत यावं लागे आणि खांद्याला हात लावावा लागे. माग चालवणारी घरं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून बोलतात. पाण्याची खूण आहे, जेवणाची आहे, शेठ आला याचीसुद्धा आहे. पण एवढी यातायात करायची तर काम तेवढं महत्त्वाचं हवं. डाळ किती घालू, हे विचारायला कोणी उठून येत नाही. चष्मा माणूस स्वतःच शोधतो. खडखडाटानं सगळ्या बारीक हाका गाळून टाकल्या होत्या, आणि हाक येणारच नाही हे माहीत असल्यानं काकूंचा कानही हाकेची वाट बघत नव्हता.

शांत घरात कान जिन्यावर असतो. पायरी वाजली की वाक्य मोडतं. नाही वाजली तरी, अजून कशी वाजली नाही म्हणून मोडतं.

यात काकूंची काही खास अडचण आहे असं नाही. १९७० च्या दशकापासून मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलंय की शब्द लक्षात धरून काम करणाऱ्या माणसाला मागून येणारं बोलणं फार त्रास देतं. ते बोलणं न कळणाऱ्या भाषेतलं असलं तरी. एकसुरी, अर्थहीन आवाज त्या मानानं कमी बिघडवतो. खालच्या सोप्यातली मालिका मागांपेक्षा कितीतरी हळू आवाजात चालते, पण तिच्यात माणसं बोलतात.

आवाजाच्या पातळीचा हिशेब मात्र इथं नीट बसत नाही, आणि तो ओढूनताणून बसवू नये. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७० डेसिबलच्या आसपासच्या गजबजीत लोकांना ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा जास्त कल्पक गोष्टी सुचल्या, पण ८५ डेसिबलला सुचणं पुन्हा घसरलं. हा अभ्यास हल्ली कॉफीच्या दुकानात बसून लिहिणारे आवडीनं सांगतात. मागांच्या सोप्यात आवाज ९० च्या वर सहज जातो. त्या हिशेबानं काकूंना काही सुचायलाच नको होतं. म्हणजे त्यांना आवाजानं सुचत नव्हतं. आवाजाच्या आडोशानं सुचत होतं.

हातातल्या कामाचा वाटा वेगळा. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, एखाद्या प्रश्नावर विचार करून झाल्यावर मधल्या वेळात सोपं, फारसं डोकं न लागणारं काम दिलेल्या लोकांना पुन्हा त्याच प्रश्नाकडे आल्यावर जास्त वेगळी उत्तरं सापडली. नुसतं बसवलेल्यांना किंवा अवघड काम दिलेल्यांना तेवढी नाही. कांडी मशीन हे असं काम होतं, आणि वर त्याची मजुरीही मिळत होती. माडीवरच्या टेबलावर हाताला पेनाशिवाय काही नाही. पेन थांबलं की सगळंच थांबतं.

खोलीचा एक दोष, ज्याबद्दल कोणी बोलत नाही

वेगळ्या खोलीनं लेखन चव्हाट्यावर आणलं. हा शब्द कडक वाटेल, पण काकूंना तसंच वाटत होतं. मशीनशेजारी त्या कांड्या भरत होत्या. कथा झाली तर झाली, नाही झाली तरी टोपली भरलेलीच असायची. आता त्या वर गेल्या की घरात सगळ्यांना माहीत, आई लिहायला गेली. दोन तासांनी खाली आल्या की मुलगा प्रेमानं विचारतो, "झाली का?" सूनही विचारते. नात विचारते, "किती पानं?" कोणाच्याही मनात खोट नाही. पण रोज उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर "नाही" असेल तर दोन तास कुठं गेले याचा हिशेब न मागताही द्यावासा वाटतो. त्यात खोलीला पैसे लागलेत. मुलाच्या पैशांचं व्याज म्हणून कथा द्यायला निघालेला लेखक कधी काही धडाचं लिहील असं मला वाटत नाही.

मध्ये एका हितचिंतकानं सुचवलं की काकूंना आठवडाभर जांबोटीकडच्या एका शेतघरात नेऊन ठेवू. जंगल, पाऊस, फोनला रेंज नाही, निवांत लिहितील. काकूंचा प्रश्न तयार होता: "आणि हितं भाकरी कोण करणार?"

हा प्रश्न गमतीचा म्हणून सोडू नये. आपल्याकडे एकांताच्या गोष्टी सांगताना भाकरीचा भाग गळून पडतो. कुमार गंधर्वांचंच घ्या, आमच्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा माणूस. ऐन उमेदीत क्षय झाला, गाणं बंद करायला सांगितलं गेलं, देवासला बिछान्यावर पडून काही वर्षं मौनात गेली. त्या काळात माळव्याची लोकगीतं कानावर पडली आणि १९५३ पासून पुन्हा गाऊ लागल्यावर जे गाणं आलं ते वेगळंच होतं. कलावंताला मौन कसं घडवतं याचं उदाहरण म्हणून ही हकिकत शेकडो वेळा सांगितली जाते. तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, त्या मौनाआधी मुंबईत देवधर मास्तरांकडे झालेली वर्षानुवर्षांची तालीम होती. रिकाम्या भांड्याला मौन काही देत नाही. दुसरी, त्या वर्षांत त्यांच्या पत्नी भानुमतीबाई शाळेत नोकरी करून घर चालवत होत्या आणि आजाऱ्याचं सगळं करत होत्या. त्या स्वतःही गायिका होत्या. त्यांच्या वाट्याला मौन आलं असेल तर त्यातून काय उगवलं हे कोणी विचारत नाही.

आणि याच बेळगावात इंदिरा संत राहिल्या. १९४६ मध्ये पती गेले. तीन मुलं, अध्यापिका विद्यालयातली नोकरी, घर, आणि १९५० च्या दशकात एकापाठोपाठ तीन कवितासंग्रह. त्यांच्या एकटेपणाबद्दल भरभरून लिहिलं गेलंय. तो एकटेपणा कुणी त्यांना खोली रंगवून दिलेला नव्हता, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तेव्हा जांबोटी बाजूला ठेवली. जे करायचं ते वडगावातच, आणि भाकरीच्या वेळा सांभाळून.

काय काय करून बघितलं

पहिला उपाय नातीनं सुचवला: फोनवर मागांचा आवाज लावायचा आणि कानात हेडफोन घालायचे. असले आवाज आता तासन्‌तास मिळतात. दोन दिवसांत काकूंनी हेडफोन परत केले. त्यांचं म्हणणं, "हा आवाज माझ्या कानात आहे. त्यांच्या कानात नाही." इतक्या कमी शब्दांत मला ते सांगता आलं नसतं. आवाजाचं काम काकूंना बहिरं करण्याचं नव्हतंच, घराला बहिरं करण्याचं होतं. शिवाय कानांवर काही घातलेली बाई दिसली की लोक आणखी मोठ्यानं हाक मारतात.

दुसरा, वाती वळणं. हात गुंततात, हे खरं. पण वाती वळायला बसलेल्या बाईजवळ दुसरी बाई येऊन बसतेच, आणि मग कथा कसली, गल्लीचा वृत्तांत.

तिसरा उपाय काकूंचा स्वतःचा, आणि तोच लागू पडला. वडगावातून येळ्ळूर रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना भाताची शिवारं आहेत, बासमतीसाठी नाव असलेली काळी जमीन. सकाळी साडेसहाला काकू तिकडे फिरायला जाऊ लागल्या. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंच होतं, त्यामुळे घरात कोणी काही विचारलं नाही, आणि परत आल्यावर "झालं का?" असंही नाही. चालणं कधीच "झालं" नसतं. रस्त्यावर त्या फोन कानाला लावतात. फोन बंद असतो. आणि मग बोलतात: सासूचं, सुनेचं, शेठचं, भाडं मागायला आलेल्या घरमालकाचं. हल्ली रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस फोनवर एकटाच बोलत असतो, हातवारे करतो, हसतो, मोठमोठ्यानं भांडतो. काकूंकडे वळूनही कोणी बघत नाही. ज्या यंत्रानं लोकांचा एकांत गेला म्हणून आपण व्याख्यानं ऐकतो, त्याच्या आड काकूंना त्यांचा एकांत सापडला, आणि तो मिळवायला ते यंत्र बंद ठेवावं लागलं.

परत येताना रस्त्याकडेच्या मोरीवर बसून त्या दोन-चार ओळी टिपतात. बिलांची पाठ आता नाही, नातीच्या वहीतली पानं आहेत.

चौथा उपाय शेजारच्या घरातला. तिथले माग चालू आहेत, काकूंचंच जुनं कांडी मशीन तिथं आहे, आणि त्यांना दुपारी दोन तास कांड्या भरायला कोणीतरी हवंच होतं. मजुरीही मिळणार होती. काकू चार दुपारी गेल्या आणि एका कथेचा मधला अडलेला भाग सुटला. पण त्याच सुमारास त्यांच्या कानांची तपासणी झाली. डाव्या कानाला बरंच कमी ऐकू येतं, उजव्यालाही उंच सूर नीट येत नाहीत. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरलेली आहे. घरातल्या सोप्याला ना मर्यादा, ना तपासणी. काकूंच्या तीसभर कथांची ही किंमत आहे असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं ठरेल. काकांचे कान त्याहून वाईट आहेत आणि त्यांनी एकही कथा लिहिलेली नाही.

डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलंय. काकू ते घ्यायला तयार आहेत, नातीचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. जिन्याची पायरीही मग जास्त नीट ऐकू येईल, हे त्यांनी स्वतःच आधी सांगितलं.

सध्याची स्थिती

येळ्ळूर रस्ता सुरू झाल्यानंतर काही महिन्यांत एक कथा पूर्ण झाली आणि त्या हिवाळ्यात एका गावच्या संमेलनात वाचलीही गेली. चांगली आहे. जुन्या कथांपेक्षा आखूड. माझ्या मते शेवटचा एक-तृतीयांश भाग सैल पडलाय, आणि तो माडीवर लिहिलेला आहे असा मला संशय आहे. विचारल्यावर काकूंनी कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही.

माडीवरची खोली नातीला दिली. तिची यंदा एसएसएलसी (दहावीची परीक्षा) आहे, आणि तिला मात्र ती खोली, तो दिवा आणि ती कडी अगदी नेमकी लागू पडली. मुलाला थोडं लागलं. आईनं आपली भेट वापरली नाही, असं त्याला वाटत होतं. त्याला समजावण्याचं काम काकांनी केलं. त्यांनी काय सांगितलं ते कळलं नाही, पण त्यानंतर घरात "झाली का?" हा प्रश्न बंद झाला.

घरातल्या कामांची एक छोटी वाटणीही झाली. सकाळचा पहिला चहा काका करतात. डाळीचं माप सूनबाईनं डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलंय. यातलं काहीच साहित्यिक नाही, तरी काकूंच्या सकाळच्या तासाला याच गोष्टींनी टेकू दिलाय.

दुसरी कथा सध्या अडली आहे. तिच्यात दोन जावांचं मोठं भांडण आहे आणि भांडताना काकूंचा आवाज चढतो. परवा येळ्ळूर रस्त्यावर हाच प्रसंग बोलत असताना शेताकडे निघालेली ओळखीची बाई मागून आली, सगळं ऐकून पुढं गेली, आणि दुपारपर्यंत गल्लीत झालं की काकूंचं सुनेशी बिनसलंय, फोनवर तिला वाट्टेल तसं बोलत होत्या. सूनबाईला माहेराहून फोन आला. तिला खरं काय ते सांगावं लागलं. ती आधी खो-खो हसली आणि मग म्हणाली, "आत्ती, भांडण तेवढं मागांवर जाऊन करा की." त्याप्रमाणे ठरलंय. शेजारच्यांच्या मशीनवर या आठवड्यात दोन दुपारी, कानात डॉक्टरांनी दिलेले बोळे घालून.